पक्षी ठरवतो ते अंतर

म्हैसूरजवळच्या रंगनथिट्टूच्या परिसरात, कावेरीच्या कालव्यांवर पिकणाऱ्या भातखाचरांत मुग्धबलाक गोगलगायी शोधत फिरत असतात. रस्त्यावर मोटार थांबली की त्यांच्या माना वर होतात. दार उघडून माणूस उतरला की चरणे थांबते. त्याने बांधावर पहिले पाऊल टाकले आणि खांद्यावरची लेन्स समोर आणली, तोवर खाचर रिकामे झालेले असते. तीच जात, कदाचित तोच पक्षी, तिथून जवळच नदीतल्या बेटावर घरट्यापाशी उभा असतो. खालून आठ-दहा माणसांनी भरलेली नाव जाते, कॅमेरे कडकडतात, एखादे लहान मूल ओरडते. आणि मुग्धबलाक पिसे साफ करायचे काम सोडत नाही.

पक्षी तोच, माणूसही तोच. बदलले ते फक्त ठिकाण. बुजऱ्या पक्ष्यांचे जवळून छायाचित्र कसे काढावे हा प्रश्न बहुतेकांना यंत्राचा वाटतो. लेन्स किती लांब, कॅमेरा किती वेगवान, कपडे कोणत्या रंगाचे, अशी चौकशी सुरू होते. म्हैसूरच्या आसपास दोन-चार ठिकाणे नीट हिंडली तर हा हिशेब उलटा मांडावा लागतो. किती जवळ येऊ द्यायचे ते पक्षी ठरवतो, आणि त्या जागेवर माणूस आजवर कसा वागला हे पाहून ठरवतो.

हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर ही गोष्ट शास्त्राच्या चौकटीत मांडली. प्रत्येक रानटी प्राण्याभोवती एक अदृश्य कडे असते. शत्रू त्या कड्याबाहेर असेतो प्राणी त्याला फक्त पाहतो. कडे ओलांडले की पळतो. हेडिगर पुढे झुरिकच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक झाला, त्यामुळे पिंजऱ्यात आणि सर्कशीत हे कडे कसे आक्रसते तेही त्याने पाहिले होते. नंतरच्या अभ्यासकांनी पक्ष्यांकडे चालत जाऊन, ते नेमके कधी उडतात हे मोजून, त्यात भर घातली. मोठ्या अंगाचे पक्षी साधारणपणे लवकर उडतात. शहरातले पक्षी त्याच जातीच्या खेड्यातल्या भाऊबंदांपेक्षा माणसाला अधिक जवळ येऊ देतात. जिथे शिकार होते तिथे हे कडे फुगते.

हे कडे छायाचित्रकाराला ओलांडायचे नसते, त्याच्या काठावर बसायचे असते. पण काठ किती दूर असला तर चालेल? इथे थोडे अंकगणित करावे लागते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ६०० मिमीची लेन्स लावली तर ५० मीटरवर सुमारे दोन मीटर उंचीची चौकट मिळते. मीटरभर उंचीचा चित्रबलाक त्यात अर्धी जागा भरतो. उत्तमच. पण रंगनथिट्टूच्या खडकांखाली मातीच्या सुरया चिकटवल्यासारखी घरटी बांधणारी पाकोळी घेतली, तर ती जेमतेम १२ सेंटीमीटरची. चौकटीच्या रुंदीचा एक तृतीयांश भाग तिने भरावा असे वाटत असेल, तर त्याच लेन्सने सहा मीटरवर जावे लागते. सहा मीटर म्हणजे दिवाणखान्याच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. शिवाय लांबच्या लेन्सने लांबूनच काम भागते, हाही भ्रम आहे. सकाळचे नऊ वाजून गेले की तापलेल्या खडकावरची हवा थरथरू लागते आणि लाखो रुपयांची काच त्या थरथरीपुढे निरुपयोगी ठरते. पक्षी दिसतो, पण त्याच्या पिसांचे दोरे सुटे दिसत नाहीत. जवळ जाण्याला पर्याय नाही तो यासाठी.

म्हैसूर शहरापासून रंगनथिट्टू जेमतेम १८-१९ किलोमीटर. जिल्हा मंड्या, तालुका श्रीरंगपट्टण. पाऊण चौरस किलोमीटरसुद्धा न भरणारी ही जागा निसर्गाने एकट्याने घडवलेली नाही. कंठीरव नरसराज वडियार यांनी १६४५ ते १६४८ या काळात कावेरीवर बंधारा घातला, पाणी फुगले आणि नदीच्या पात्रात लहान लहान बेटे उरली. बेटाभोवती पाणी, पाण्यात मगरी, म्हणजे घरट्यांना चोरांपासून आयता खंदक मिळाला. बलाक, बगळे, दर्विमुख, शराटी, पाणकावळे पिढ्यान्‌पिढ्या तिथे वीण घालत आले. १७९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा टिपूवरच्या मोहिमेत याच मुलखात उतरल्या होत्या. अर्थात बगळ्यांकडे बघायला तेव्हा कुणाला सवड असणार?

सवड काढली ती सालीम अलींनी. म्हैसूर संस्थानासाठी १९३९-४० मध्ये त्यांनी पक्ष्यांची पाहणी केली. हैदराबाद आणि त्रावणकोर संस्थानांतल्या पाहण्या त्यांनी आधीच उरकल्या होत्या. या बेटांवरची वीण पाहून त्यांनी दरबाराला ती राखायची शिफारस केली आणि १९४० साली रंगनथिट्टू अभयारण्य झाले. यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्या काळची पक्षी-पाहणी बंदुकीने होत असे. पक्षी टिपायचा, कातडे सोलून कापूस भरायचा, चिठ्ठी बांधून संग्रहात ठेवायचे. पक्षी ओळखण्याची आणि त्यांच्या जातींची तुलना करण्याची दुसरी खात्रीची रीतच नव्हती. म्हणजे या बेटांवर बंदुकीचा आवाज येऊ नये असे सुचवणारा माणूस स्वतः बंदूक घेऊन हिंडत होता. यात ढोंग काही नाही. कशाने पक्षी कायमचे दूर जातात हे त्याच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल.

अभयारण्याला आता ऐंशीहून अधिक वर्षे झाली. २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. या ऐंशी वर्षांत तिथल्या पक्ष्यांच्या कितीतरी पिढ्यांनी पाहिले, की लाकडी नाव येते, थोडा वेळ थांबते, जाते. तिच्यातून काही सुटत नाही. आजच्या मुग्धबलाकाची बेफिकिरी या ऐंशी वर्षांच्या वागणुकीतून आली आहे.

नाव वनखात्याची, वल्हवणारेही त्यांचेच. नेहमीची फेरी पर्यटकांची; छायाचित्रकारांसाठी जास्त वेळाची वेगळी नाव घेता येते. ती घेणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत कळते, की चित्राचा निम्मा मालक नावाडी आहे. कोणत्या खडकावर सकाळचे ऊन आधी पडते, कोणत्या कपारीत पाकोळ्या आहेत, कुठली मगर जागची हलत नाही आणि कुठली अचानक पाण्यात घसरून सगळा थवा उठवते, हे त्याला ठाऊक असते. नाव थेट पक्ष्यावर न्यायची नाही, कडेकडेने न्यायची. पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. सरळ रेषेत मोठी होत येणारी वस्तू त्याला शिकारी वाटते, तिरकी सरकणारी वस्तू वाटसरू. मग नावाडी वल्हे खडकाला टेकवून नाव धरतो. इथे उभे राहायचे नाही. बसलेल्या माणसांची नाव हा एक ओळखीचा आकार असतो. त्यातून एक आकृती उठली की तो आकार मोडतो आणि पाहता पाहता खडक रिकामा होतो.

हलत्या नावेत तिपाई कुचकामी ठरते. नाव हलली की तिपाईही हलते. जाणते लोक मांडीवर किंवा काठावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवतात आणि शटरचा वेग चढा ठेवतात. दुसरी अडचण रंगाची. पांढरा शुभ्र दर्विमुख, मागे ओला काळा खडक, वरून दक्षिणेतले ऊन. कॅमेऱ्याचे मापक काळ्या खडकाला भुलते, चित्र उजळवते आणि पक्ष्याच्या जागी पांढरा डाग उरतो. म्हणून प्रकाश मुद्दाम एखाद्या पायरीने कमी करावा लागतो. रंगनथिट्टूहून परतलेल्या नवशिक्यांच्या कार्डावर असे पांढरे डाग शेकड्यांनी असतात.

फेब्रुवारी ते मे हा नदी-सुरयांचा हंगाम. खडकाच्या उघड्या माथ्यावर अंडी, घरट्याच्या नावाने जवळजवळ काही नाही. नर मासा चोचीत धरून मादीपुढे उभा राहतो. ती मान लववून, मागत, मासा घेते. पक्षी-छायाचित्रांच्या कोणत्याही प्रदर्शनात हे दृश्य असतेच आणि त्यातली बरीच चित्रे याच खडकांवरची असतात. सुरय हा तसा धीट. त्याच्या शेजारी, त्याच रंगाच्या दगडावर, मोठा करवानक बसलेला असतो आणि निम्म्या नावा त्याला न पाहताच पुढे जातात. राखी-तपकिरी अंग, बाकदार जाड चोच, मोठा पिवळा डोळा. तो मुख्यतः रात्रीचा पक्षी. दिवसा त्याचा सगळा भरवसा न हलण्यावर असतो, त्यामुळे त्याची गंमत अशी की तो उडत नाही म्हणजे तो निश्चिंत आहे, असे मुळीच नाही. मान ताठ झाली, अंग दगडाला चिकटले, डोळा नावेवर खिळला, म्हणजे आपण कड्याच्या आत आलो. कसलेला छायाचित्रकार इथे नाव मागे घ्यायला सांगतो. नवखा ‘बघा, किती शांत बसलाय’ म्हणत पुढे सरकतो.

या खुणा वाचता येणे हीच या कलेची बाराखडी. चरता पक्षी चरायचा थांबला, मान उंचावली, एका पायावरचा दुसऱ्या पायावर आला, शीट टाकली, की उड्डाण जवळ आले. बगळा किंवा शिकारी पक्षी उडण्याआधी बहुधा हलका होतो, हे सगळ्या रानभटक्यांना माहीत आहे. त्यातून पुढची घटका ओळखता येते. पण जो खरोखर जवळचे चित्र मिळवतो तो शीट पडेपर्यंत थांबत नाही. मान उंचावली तेव्हाच तो थबकलेला असतो. पक्षी पुन्हा चरू लागला की मग पुढचे पाऊल. शिवारात टिटवी असेल तर हा सारा खटाटोप वायाच. ती एकटी ओरडून पंचक्रोशीला जागे करते.

माणसाचा आकारच लपवायचा, ही युक्ती पक्षी-छायाचित्रणाच्या आरंभापासूनची. यॉर्कशरच्या रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी १८९२ मध्ये पक्ष्याच्या घरट्याचे अंड्यांसह छायाचित्र घेतले आणि १९०० च्या सुमारास चक्क बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात बसून चित्रे काढली. एकदा तो बैल आतल्या माणसासकट उलटला, चारी पाय आभाळाकडे. पुढे बैलाच्या जागी कापडी खोपटे आले. खोपट्यात शिरण्याची जुनी खुबी आजही चालते. दोघांनी मिळून जायचे, एकाने आत बसायचे, दुसऱ्याने उघड-उघड, पक्ष्याला दिसेल असे निघून जायचे. पक्ष्याला दोनातून एक वजा करता येत नाही. माणूस गेला एवढेच त्याला दिसते. इंग्रज छायाचित्रकार एरिक हॉस्किंगला १९३७ मध्ये घुबडाच्या घरट्यापाशी या धंद्याची किंमत कळली. घुबडाने झडप घातली आणि त्याचा डावा डोळा गेला. त्यानंतरही तो घुबडांचे फोटो काढत राहिला आणि आत्मचरित्राला त्याने ‘अ‍ॅन आय फॉर अ बर्ड’ असे नाव दिले.

भारतात बेट्स आणि लोथर हे दोघे इंग्रज या खोपट्यांतले जुने वस्ताद. लोथरचे ‘अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया’ १९४९ चे. त्याच काळातला सिंगापूरचा चित्रपटव्यावसायिक लोक वान थो हा आणखी वेगळा. जपानी आक्रमणातून १९४२ मध्ये पळताना त्याचे जहाज बॉम्बने बुडाले, तो भाजला, काही काळ दृष्टीही गेली. तिथून तो भारतात पोचला, सालीम अलींचा मित्र झाला आणि युद्धाची उरलेली वर्षे त्यांच्याबरोबर पक्ष्यांमागे हिंडला. झाडाच्या शेंड्यावरचे घरटे हवे असेल तर शेजारी तेवढ्याच उंचीचा मनोरा बांधायचा, असा त्याचा खाक्या.

कर्नाटकात स्वातंत्र्यानंतर जी नावे पुढे आली त्यांत बंगळुरूचे ई. हनुमंतराव आणि टी. एन. ए. पेरुमाळ (१९३२-२०१७) हे बिनीचे. तिसरे नाव मराठी वाचकाला जवळचे: मुरारराव यशवंतराव घोरपडे (१९३१-२०११). बळ्ळारीजवळच्या संडूर या मराठा संस्थानाचे हे वारस. केंब्रिजला अर्थशास्त्र शिकले, देवराज अरस यांच्या मंत्रिमंडळात १९७२ पासून अर्थमंत्री होते आणि राजकारणातून उसंत मिळेल तेव्हा कृष्णधवल फिल्म भरलेला कॅमेरा घेऊन रानात असत. त्यांचे ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे पुस्तक १९८३ मध्ये आले. पक्ष्यांवरचे ‘विंग्ड फ्रेंड्स’ त्यानंतरचे. घरात मँगनीज-लोखंडाच्या खाणींचा उद्योग आणि हातात रानाची छायाचित्रे, ही विसंगती त्यांच्या वाट्याला आली होती आणि ती नजरेआड करण्याचे कारण नाही. पण फिल्मच्या काळात काम करणे काय होते हे त्यांच्या पिढीकडे पाहून समजते. एका रिळात ३६ चित्रे, फिल्म मंद, फोकस हाताने. पहिल्या क्लिकला कॅमेऱ्यातला आरसा असा आपटे की पक्षी दचकून तुमच्याकडे पाही. दुसऱ्या क्लिकला तो असेल याची शाश्वती नाही. लोक कॅमेऱ्याला गोधडीसारखे कापड गुंडाळत. आज आरसाच गेला. शटर मुके झाले, पक्ष्याचा डोळा कॅमेरा स्वतः शोधतो, बटण दाबण्याआधीच्या क्षणांचीही चित्रे तो साठवून ठेवतो. पक्ष्याला बुजवणाऱ्या दोन गोष्टींपैकी आवाज मिटला. आकार राहिलाच.

त्या जुन्या पिढीच्या कामात आज खटकणारी गोष्ट एकच. बुजरा पक्षी हमखास परत येतो अशी जागा म्हणजे घरटे, म्हणून खोपटे बहुधा घरट्यासमोर लागे. नजर मोकळी व्हावी म्हणून फांद्या बांधून बाजूला घेतल्या जात. हे करणारे लोक निष्काळजी नव्हते. खोपटे दिवसादिवसाने थोडे थोडे पुढे सरकवीत. तरी सावली हलली की उन्हात पिलू भाजते, उघडे पडलेले घरटे कावळ्याला दिसते. वन्यजीव संरक्षण कायद्याने १९७२ मध्येच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करण्याला शिकारीच्या व्याख्येत घातले आहे. बंदूक आणि कॅमेरा यांना कायद्याने एका ओळीत बसवलेली ही जागा फार थोडे छायाचित्रकार वाचतात. अनेक स्पर्धा आता घरट्यावरची चित्रे घेतच नाहीत, हे बरे झाले.

डिजिटल कॅमेऱ्याने आणलेला दुसरा बदल म्हणजे गर्दी. पूर्वी एका घरट्यासमोर एक बेट्स बसे, आता एका पिंगळ्यासमोर वीस लेन्स लागतात, कारण त्याची जागा आदल्या रात्री मोबाइलवर फिरलेली असते. पुण्याच्या सिंहगड खोऱ्यात ज्यांनी हिवाळी सकाळ काढली आहे त्यांना हे चित्र नवे नाही. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहितांचा थवा ‘उडवून दाखवण्याची’ तक्रार पक्षीमित्र वर्षानुवर्षे करत आले आहेत. उघड्या पंखांचा गुलाबी-काळा रंग दिसावा म्हणून नाव थव्यावर घालायची. चित्र मिळते, पण लांबच्या प्रवासासाठी चरून चरबी साठवणाऱ्या पक्ष्याचे खाणे तुटते आणि थवा पुढच्या खेपेला आणखी लांबून उडतो. म्हणजे आजच्या छायाचित्रकाराने उद्याच्या छायाचित्रकाराचे कडे फुगवून ठेवले. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्षी बोलावणे हाही त्यातलाच प्रकार. नराला वाटते, आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी घुसला. तो सगळे सोडून येतो, फांदीवर छाती काढून बसतो आणि बटणे दाबणाऱ्यांना वाटते पक्षी किती सहकार्य करतो आहे.

याच्या उलट टोकाला गणेशगुडीच्या जुन्या मॅगझिन हाऊसची तऱ्हा. दांडेलीच्या बाजूला, जोयडा तालुक्यात, रानात पाण्याच्या उथळ कुंड्या मांडलेल्या. बेळगाव, कोल्हापूर, पुण्याहून छायाचित्रकार येतात, आडोशामागे मांडी घालून बसतात. पक्षी पाण्याला येतात तेव्हा येतात. रानातले एरवी क्षणभर दिसणारे लहान पक्षी इथे हाताच्या अंतरावर आंघोळ करतात. यालाही नाके मुरडणारे आहेत. एकसारखी चित्रे निघतात, रान कमी आणि न्हाणीघर जास्त, असे म्हणणारे. पहिला आक्षेप खरा आहे. पण इथे माणूस जागचा हलत नाही आणि अंतर कमी करण्याचे काम पक्ष्याकडे आहे, हा फरक लहान नव्हे.

म्हैसूरच्या कृपाकर-सेनानी या जोडीने हेच तत्त्व सस्तन प्राण्यांवर ताणून पाहिले. चंदनतस्कर वीरप्पनने १९९७ मध्ये पळवून नेऊन १४ दिवस अडकवून ठेवलेले हेच ते दोघे. रानकुत्र्यांच्या कळपांमागे त्यांनी वर्षेच्या वर्षे घालवली आणि त्यातून झालेल्या ‘द पॅक’ या चित्रपटाला २०१० मध्ये वाइल्डस्क्रीनचा पुरस्कार मिळाला. कळपाला ते रोज दिसत होते आणि त्यांच्यापासून काही होत नव्हते. यात यंत्राचा भाग फारच थोडा.

मद्दूर तालुक्यातले कोक्करे बेळ्ळूर पाहिले, की यंत्राची गोष्ट पुरतीच मागे पडते. गावच्या घरांमधल्या चिंचांवर आणि पिंपळांवर झोळीवाले आणि चित्रबलाक घरटी करतात. झोळीवाला म्हणजे पाच किलोंचा, दीड मीटर लांबीचा पक्षी. मोठ्या अंगाचा नियम लावला तर त्याने माणसाला शंभर पावलांवरही येऊ देऊ नये. इथे त्याच्या घरट्याखाली बैल बांधलेले असतात, धुणी वाळत असतात, शाळेतली पोरे दंगा करतात. वनाधिकारी एस. जी. नेगिनहाळ यांनी १९७६ मध्ये ही वसाहत अभ्यासकांच्या नजरेस आणली. गावाला ती बापजाद्यांपासून माहीत होती. पक्षी म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी, असे गावकरी सांगतात. या भावनेला व्यवहाराचीही जोड आहे. शीट आणि गाळाचे खत शेताला जाते. चिंच उतरवण्याचा हंगाम नेमका विणीच्या काळात येतो, म्हणून झाडांच्या मालकांना फळ न उतरवल्याबद्दल वनखाते पैसे देते. घरट्यातून पडलेली पिले सांभाळायला म्हैसूरच्या निसर्गप्रेमींनी गावातल्या तरुणांना जोडून घेतले. २००७ मध्ये जागा समुदाय राखीव क्षेत्र झाली. इथे छायाचित्रकाराची अडचण उलटीच. पक्षी इतका जवळ की ६०० मिमीच्या चौकटीत डोकेच मावते. आणि चिंचेच्या दाट डहाळ्या, विजेच्या तारा, डिश अँटेना यांतून मोकळी मान शोधावी लागते. तारा टाळण्यासाठी लोक धडपडतात. त्या टाळू नयेत. झोळीवाल्याबरोबर तार आणि कौले एका चौकटीत आली तरच हे बेळ्ळूर आहे हे कळते.

खुद्द म्हैसूर शहरात, प्राणिसंग्रहालयाला लागून असलेल्या कारंजी तळ्यावर हेच पक्षी मुक्त वीण घालतात आणि शनिवार-रविवारच्या गर्दीकडे ढुंकून बघत नाहीत. कुक्करहळ्ळी तळे विद्यापीठाच्या अंगणात. कन्नड साहित्यिक कुवेंपू तिथे फिरायला जात. त्यांचे चिरंजीव पूर्णचंद्र तेजस्वी म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिकले, मूडिगेरेला कॉफीच्या मळ्यात राहिले आणि लेखनाइतक्याच हट्टाने पक्ष्यांची छायाचित्रे काढत राहिले.

खरा बुजरा पक्षी पाहायचा तर हिवाळ्यात हदिनारू तळ्यावर जावे, नंजनगूडच्या बाजूला. मंगोलिया आणि तिबेटकडून आलेले पट्टकादंब तिथे उतरतात. हिमालयावरून सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडताना या जातीची नोंद झालेली आहे. एवढे करून आलेला हंस दिवसभर तळ्याच्या मध्यावर नाहीतर उघड्या काठावर विसावतो आणि रात्री शेतात चरतो. शेतकरी त्याला हाकलतो. हाकलणे तो विसरत नाही, त्यामुळे काठावर उभी आकृती दिसली की सगळ्या माना एकदम वर. तिथे ना नाव, ना खोपटे. बांधाच्या मागून पोटावर सरपटत यायचे, आकाशाच्या पार्श्वभूमीवर डोके दिसू द्यायचे नाही, सूर्य पाठीशी घ्यायचा आणि ऊन चढायच्या आत आटपायचे. इतके करूनही पक्षी चौकटीत अंगठ्याएवढाच येतो.

तेवढे पुरते, कारण इथे चित्राला दुसरेही काम असते. काही कादंबांच्या गळ्यात मंगोलियात चढवलेली रंगीत पट्टी असते, तिच्यावर मोठी अक्षरे आणि आकडे. दुर्बिणीतून ती निसटतात. लेन्स टेकवून, शटरचा वेग चढा ठेवून घेतलेल्या चित्रात मोठी करून वाचता येतात. कुठल्या तळ्यावर कुठल्या वर्षी कोणता पक्षी आला हे अशाच चित्रांवरून मंगोलियातल्या अभ्यासकांना कळवले जाते. बहुतेक वेळा हंस पाठमोरा असतो, अर्धी मान शेजारच्या हंसाआड, खाली चिखल, मागे म्हशी. स्पर्धेत अशा चित्राला पहिल्याच फेरीत बाहेर काढतील. पट्टीवरची सगळी अक्षरे स्पष्ट आली असतील तर पाठवणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. तो पुढच्या पहाटे एखाद्या अक्षराचा फरक असलेला दुसरा हंस शोधायला पुन्हा त्याच बांधावर येतो, शेतकऱ्याने हाकलले नसेल तर.